ॲटनबरो: एका आडनावाचा माग

‘गांधी’ चित्रपट १९८२ साली आला आणि रिचर्ड ॲटनबरो हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचले. वन्यप्राण्यांच्या मालिकांतून भेटणारे डेव्हिड ॲटनबरो हे त्यांचे धाकटे भाऊ. दोघे भाऊ जगप्रसिद्ध, पण त्यांचे आडनाव मात्र खुद्द इंग्लंडातही दुर्मीळच.

इंग्लंडात १०६६च्या नॉर्मन विजयानंतर वंशपरंपरेने चालणारी आडनावे हळूहळू रूढ झाली. १४००च्या सुमारास ती बहुतेकांना होती. कुणाचे धंद्यावरून, कुणाचे बापाच्या नावावरून, कुणाचे गावावरून. ॲटनबरो हे नॉटिंगहॅमजवळचे, ट्रेंट नदीकाठचे गाव. तिथल्या पक्ष्यांच्या राखीव पाणथळीचे उद्घाटन १९६६ साली डेव्हिड यांच्याच हस्ते झाले! म्हणजे ही मंडळी आपल्या ‘कर’वाल्यांची भाऊबंदच. आता बघा, सगळे साताऱ्यातच राहिले तर सातारकर कुणाला म्हणणार? गाव सोडले की गावाचे नाव चिकटते.

लोहार मात्र गावोगाव होते, म्हणून स्मिथ उदंड झाले आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. लहानशा गावातून बाहेर पडलेल्या एकाच माणसापासून सगळे ॲटनबरो झाले असतील का? लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी याचा छडा लावला. बापाकडून मुलाकडे आडनाव जाते, तसेच वाय गुणसूत्रही जाते. त्यांनी ४० आडनावांच्या सुमारे १,७०० पुरुषांची गुणसूत्रे तपासून २००९ साली निष्कर्ष मांडले. स्मिथ मंडळींत विशेष साम्य आढळले नाही. ॲटनबरोंपैकी मात्र दहातल्या जवळजवळ नऊ जणांचे गुणसूत्र एकाच प्रकारचे, आणि तो प्रकार ब्रिटनमध्ये विरळा! मूळ पुरुष बहुधा एकच. गंमत अशी की, या दोघा भावांचे वडील फ्रेडरिक हे त्याच लेस्टरच्या कॉलेजचे प्राचार्य होते. त्याचेच पुढे विद्यापीठ झाले.

मला मात्र त्या उरलेल्या एकाचे कुतूहल वाटते. त्याच्या घराण्यात कधी कोणी दत्तक आला असेल, कोणा मुलाने आईचे आडनाव लावले असेल. तोही ॲटनबरोच की! आणि १९३९ साली याच फ्रेडरिक दांपत्याने जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू मुलींना घरात घेतले, युद्ध संपेपर्यंत सांभाळले. मुलांनी त्यांना बहिणी मानले. त्यांचे ना आडनाव एक, ना रक्त.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे. मला दोन मुली. आमच्या शाखेचे आडनाव माझ्यापाशी थांबणार, म्हणून नातलगांत अधूनमधून हळहळ होते. पण हिशेब करून पाहा. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज होतात. आडनाव येते त्यांतल्या एकाकडून. बाकीच्या १,०२३ जणांचे काय? त्यांतल्या ५१२ तर बायकाच.

तेव्हा आप्तजनहो, एक विनंती. आपल्या आज्या-पणज्यांची माहेरची आडनावे आणि गावे आठवतील तेवढी मला कळवा. नातीसाठी यादी करतो आहे. माझ्या आईच्या आजीचे माहेर कुठले, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही.