दुभाषी नगर : लॉस एंजेलिसच्या प्रारंभिक वस्त्या आणि त्यांची कागदपत्रे

लॉस एंजेलिसच्या प्रारंभिक वाढीचा इतिहास लोहमार्ग, पाणी आणि जमिनीची सट्टेबाजी या तीन सूत्रांनी सांगण्याची प्रथा आहे. ही सूत्रे चुकीची नाहीत. १८५० च्या जनगणनेत अवघी १,६१० माणसे असलेले हे गाव १८८० साली ११,१८३, १८९० साली ५०,३९५ आणि १९३० साली १२,३८,०४८ लोकवस्तीचे झाले. इतक्या वाढीला आगगाडी आणि कालवा यांवाचून दुसरे स्पष्टीकरण पुरे पडणार नाही. परंतु या वाढीच्या पोटात आणखी एक प्रक्रिया चालू होती, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तीच अधिक बोलकी वाटावी. ती म्हणजे एका भाषेतील नगराचे दुसऱ्या भाषेत झालेले रूपांतर. या रूपांतराची गती सरळ नव्हती. स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांच्या हातून जमीन, कचेरी आणि न्यायालय जसजसे निसटत गेले, तसतशी नगराच्या नव्या वस्त्यांना, रस्त्यांना आणि वाड्यांना स्पॅनिश नावे देण्याची हौस वाढत गेली. भाषा व्यवहारातून हद्दपार झाली आणि अलंकार म्हणून परत आणली गेली.

हे गाव वसवले गेले ते ४ सप्टेंबर १७८१ रोजी, स्पॅनिश गव्हर्नर फेलिपे दे नेवे याच्या आज्ञेने. सोनोरा आणि सिनालोआ या प्रांतांतून आणलेली ११ कुटुंबे, एकूण ४४ माणसे, तोंग्वा लोकांच्या यांगा या वस्तीजवळ नदीकाठी स्थिरावली. त्या वर्षीच्या शिरगणतीत प्रत्येक प्रौढाच्या नावापुढे त्याची जात नोंदली आहे : इंडिओ, मुलातो, निग्रो, मेस्तिसो आणि क्वचित एखादा एस्पान्योल. निम्म्याहून अधिक वसाहतकऱ्यांमध्ये आफ्रिकी रक्ताचा अंश होता. १७९० च्या गणतीत यांतील काहींची नोंद बदललेली दिसते. मुलातो किंवा इंडिओ असलेला माणूस नऊ वर्षांत मेस्तिसो झालेला आढळतो. सीमेवरच्या गावात जात लेखणीने हलवता येत होती, एवढाच याचा अर्थ घ्यावा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगराच्या जाहिरातदारांनी हीच सारी मंडळी सरसकट ‘स्पॅनिश’ ठरवून टाकली. वसाहतकऱ्यांची नावे वंशासह कोरलेला फलक नगराच्या मूळ चौकात लागायला १९८१ साल उजाडावे लागले.

गावाचा प्राण म्हणजे नदीतून काढलेला पाट, ‘सान्हा मादरे’, अर्थात आईपाट. त्यावर देखरेख करणारा पाटकरी ‘सान्हेरो’ हा गावातला फार वजनदार कामगार. गंमत अशी, की अमेरिकी राजवट आल्यावर महापौर, न्यायाधीश, शेरीफ ही सारी पदे इंग्रजी नावाने नांदू लागली, पण पाटकरी मात्र दीर्घकाळ सान्हेरोच राहिला. पाण्याची व्यवस्था स्पॅनिश होती, तोवर तिचा शब्दही स्पॅनिश होता.

१८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. तिजोरीत पैसा हवा म्हणून नव्या सत्तेने गावाची मोकळी जमीन विकायला काढली आणि त्यासाठी १८४९ साली एडवर्ड ऑर्ड या लष्करी अधिकाऱ्याकडून नकाशा करवून घेतला. हा नकाशा नगराची पहिली द्विभाषिक संहिता म्हणता येईल. त्यावर रस्त्यांची नावे दोन्ही भाषांत आहेत : काये प्रिन्सिपाल आणि मेन स्ट्रीट, काये प्रिमावेरा आणि स्प्रिंग स्ट्रीट. आरंभीची बरीच भाषांतरे शब्दशः झाली. आशेचा रस्ता ‘होप’ झाला, फुलांचा ‘फ्लॉवर’. टोळांच्या रस्त्याचे ‘ग्रासहॉपर स्ट्रीट’ झाले, मग ‘पर्ल’ आणि अखेर ‘फिगेरोआ’. धर्मादायाच्या रस्त्याचे ‘चॅरिटी स्ट्रीट’ झाले खरे, पण आपण चॅरिटीवर राहतो असे सांगणे तिथल्या प्रतिष्ठितांना रुचेना, म्हणून त्याला ‘ग्रँड अव्हेन्यू’ म्हणू लागले. चौकालगतच्या ‘काये दे लोस नेग्रोस’ या गल्लीचे अमेरिकी बोलीत एका वांशिक शिवीत रूपांतर झाले. त्याच गल्लीत २४ ऑक्टोबर १८७१ रोजी जमावाने किमान १८ चिनी माणसांना ठार केले, अनेकांना फासावर लटकावले. मनुष्यवधाबद्दल दोषी ठरलेल्या आठ जणांची शिक्षा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. गल्ली पुढे लॉस एंजेलिस स्ट्रीटमध्ये विरून गेली.

मूळ रहिवाशांच्या वाट्याला भाषांतरही आले नाही. तोंग्वा आणि इतर इंडियन मजुरांची नदीपलीकडची वस्ती १८४७ मध्ये पाडण्यात आली. १८५० च्या राज्य कायद्याने इंडियनांच्या ‘संरक्षणाचे’ नाव घेतले. प्रत्यक्षात त्याच्या आधाराने भटकेपणाच्या किंवा दारूच्या आरोपाखाली पकडलेल्यांची मजुरी आठवड्याच्या बोलीने द्राक्षमळेवाल्यांना विकली जाई. यांगा हे नाव ऑर्डच्या रस्त्यांत कुठेही नाही.

कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या संविधानाने राज्याचे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत, असे बंधन घातले होते. या वचनाचा अर्थ शब्दशः घेणारा एक तरुण लॉस एंजेलिसमध्ये होता. फ्रान्सिस्को रामिरेस याने १८५५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘एल क्लामोर पुब्लिको’ हे स्पॅनिश साप्ताहिक सुरू केले. त्याआधी तो ‘लॉस एंजेलिस स्टार’ या पत्राच्या स्पॅनिश पानांचे काम पाहत असे. रामिरेसच्या पत्रात कविता होत्या, दूरदेशीच्या बातम्या होत्या, आणि त्याच स्तंभांतून मेक्सिकन माणसांना चौकशीवाचून फाशी देणाऱ्या टोळ्यांचा निषेधही होता. वाचकांनी इंग्रजी शिकावी, अमेरिकी संस्थांचा लाभ घ्यावा, असा आरंभी त्याचा आग्रह होता. वर्षे उलटली तसा हा स्वर कडवट होत गेला आणि सोनोरात परत जाऊन वसावे, या योजनेला त्याने पाठिंबा दिला. १८५९ च्या अखेरीस पत्र बंद पडले आणि संपादक स्वतःच सोनोराला गेला. १८७९ च्या नव्या संविधानाने राज्याचे अधिकृत कामकाज केवळ इंग्रजीतच होईल असे ठरवले. द्विभाषिक राज्याची कल्पना तीस वर्षांत संपली.

त्या तीस वर्षांत जमिनीचे काय झाले? १८५१ च्या भूमी कायद्याने स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातील सनदा धारण करणाऱ्यांनी आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी, असे ठरले. एकंदर ८१३ दावे दाखल झाले. सनदेतील सीमा म्हणजे एखादा ओहोळ, एखादे ओकचे झाड, टेकडीचा उतार. आणि मोजणीदाराला हव्या होत्या साखळ्या आणि अंश. अंतिम पट्टा हाती पडायला सरासरी १७ वर्षे लागली. दरम्यान वकिलांची फी जमिनीतूनच भागवली जाई. १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात गुरे मेली आणि कर्जे उरली. जमिनी एका फटक्यात हिरावल्या गेल्या असे नाही. त्या कागदावर, व्याजाने, हप्त्याहप्त्याने गेल्या.

या प्रक्रियेचे मूर्तिमंत उदाहरण पिओ पिको याचे आहे. १८०१ साली सॅन गॅब्रिएल मिशनमध्ये जन्मलेला, १७९० च्या गणतीत मुलाता म्हणून नोंदलेल्या आजीचा हा नातू मेक्सिकन कॅलिफोर्नियाचा शेवटचा गव्हर्नर झाला. अमेरिकी काळातही त्याने हार मानली नाही. १८७० मध्ये चौकाच्या कडेला तीन मजली ‘पिको हाऊस’ हे त्या भागातले सर्वांत दिमाखदार हॉटेल उभारले. १८८३ मध्ये कर्जाच्या मोबदल्यात त्याने बर्नार्ड कोन याला एक दस्त करून दिला. पिकोच्या समजुतीप्रमाणे ते गहाणखत होते. कागद मात्र इंग्रजीत होता आणि तो खरेदीखताचा होता. पिकोला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. भिस्त दुभाष्यावर. वाद वर्षानुवर्षे चालला. १८९१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मूळ खटल्यातील साक्ष खोटी होती असे धरले तरी तेवढ्या कारणाने अंतिम निवाडा पुन्हा उघडता येणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही निवाड्याच्या अंतिमतेचे उदाहरण म्हणून शिकवला जातो. त्यातील भाषेचा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. पिको १८९४ मध्ये निर्धन अवस्थेत वारला. पुढे नगराच्या एका मोठ्या रस्त्याला त्याचे नाव मिळाले.

पिको न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता, त्याच वर्षांत दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. १८८४ ची ‘रामोना’ हेलन हंट जॅक्सनची. तिने १८८१ मध्ये ‘अ सेंच्युरी ऑफ डिसऑनर’ लिहून सरकारच्या इंडियन धोरणावर कोरडे ओढले होते, आणि मिशन इंडियनांच्या स्थितीवर शासकीय अहवालही दिला होता. अहवाल कोणी वाचेना, म्हणून तिने कादंबरी लिहिली. ‘अंकल टॉम्स केबिन’ने गुलामांसाठी केले ते इंडियनांसाठी करावे, अशी तिची उमेद होती. लॉस एंजेलिसचे माजी महापौर आन्तोनिओ कोरोनेल यांच्या घरी ऐकलेल्या आठवणी त्या कथेत मिसळल्या. दुसरी कादंबरी १८८५ ची ‘द स्क्वॉटर अँड द डॉन’. तिची लेखिका मारिया अम्पारो रुइझ दे बर्टन ही स्वतः जमीनदार कॅलिफोर्निओ घराण्यांच्या जगातली होती. तिने मुद्दाम इंग्रजीत, टोपणनावाने लिहिले, आणि भूमी कायदा, बळजोरीने जमिनीवर बसणारे लोक आणि लोहमार्गाची मक्तेदारी यांना नावानिशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तिचे कथानक सॅन दिएगोच्या परिसरात घडते, पण तिने मांडलेली यंत्रणा लॉस एंजेलिसलाही तंतोतंत लागू होती.

या दोहोंचे भवितव्य परस्परविरुद्ध झाले. रुइझ दे बर्टनची कादंबरी विस्मृतीत गेली आणि १९९२ मध्ये पुन्हा छापली गेली. याचे कारण कलात्मक दर्जात शोधणे पुरेसे नाही, जरी तिची रचना सैल आहे आणि स्वतःच्या वर्गाचा व गौरवर्णाचा अभिमान तिला आवरत नाही. ‘रामोना’मध्ये अन्याय आहे, हत्या आहे, बेदखल केलेली गावे आहेत, पण त्यांच्याभोवती संथ वाड्याचे, पाद्र्यांचे आणि फुललेल्या अंगणाचे जग आहे. वाचकाने चौकट उचलली आणि चित्र सोडून दिले. जॅक्सन १८८५ मध्ये वारली; आपल्या निषेधाची जाहिरात झालेली तिला पाहावी लागली नाही. रामोनाचे घर म्हणून गाजलेल्या कामुलोस वाड्याशेजारून १८८७ मध्ये सदर्न पॅसिफिकची गाडी धावू लागली आणि प्रवासी तिथे उतरू लागले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये निर्वासित असलेला क्यूबन कवी होसे मार्ती ‘रामोना’चे स्पॅनिश भाषांतर करत होता. त्याला ती लॅटिन अमेरिकेची आपली कादंबरी वाटली. एकच संहिता एका भाषेत पर्यटनाची वाटाडी ठरली आणि दुसऱ्या भाषेत खंडाच्या स्वाभिमानाची. ग्रहणमीमांसेला इतके स्वच्छ उदाहरण विरळाच मिळते.

सदर्न पॅसिफिकची गाडी १८७६ मध्ये नगरात पोहोचली होती. सान्ता फे कंपनीशी तिची दरयुद्धे पेटली तेव्हा, १८८७ मध्ये, मिसुरीकाठाहून येणारे तिकीट काही काळ एका डॉलरवर आले. जमिनीचा ज्वर चढला. १८८४ ते १८८८ या काळात लॉस एंजेलिस कौंटीत शंभराहून अधिक गावे कागदावर आखली गेली. त्यांतील साठांहून अधिक गावे म्हणून टिकली नाहीत. एंजेलिनो हाइट्सची आखणी १८८६ ची, हॉलिवूडची १८८७ ची. जुन्या चौकाच्या उत्तरेचे मातीच्या घरांचे सोनोराटाउन मात्र मागे पडले, कारण व्यापारपेठ दक्षिणेकडे सरकली.

नदीपलीकडच्या बॉइल हाइट्सची कथा वेगळी. ‘पारेदोन ब्लांको’, म्हणजे पांढरा कडा, या नावाची ती जागा १८५८ मध्ये अँड्र्यू बॉइल या आयरिश माणसाने घेतली. १८७५ मध्ये त्याचा जावई विल्यम वर्कमन याने तिचे भूखंड पाडले आणि सासऱ्याचे नाव दिले. कड्याचे वर्णन गेले, मालकाचे नाव आले. विसाव्या शतकात नव्या वस्त्यांच्या खरेदीखतांतून गौरेतरांना मज्जाव करणारी कलमे सर्रास येऊ लागली. १९१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अजब भेद केला : अशा माणसाला जमीन विकण्याची बंदी अवैध, पण त्याने तिथे राहण्याची बंदी वैध. घर घ्यावे, पण त्यात राहू नये! १९४८ पर्यंत ही कलमे न्यायालयांमार्फत अंमलात येत राहिली. ज्यांना अन्यत्र दार बंद होते, ते ज्यू, मेक्सिकन, जपानी, रशियन बॉइल हाइट्समध्ये एकत्र आले. स्पॅनिश नावाच्या, लाल कौलांच्या वस्त्यांत स्पॅनिश बोलणाऱ्याला घर नाही, आणि आयरिश नावाच्या वस्तीत रस्तोरस्ती स्पॅनिश : नगराच्या भाषांतराचा हा हिशेब होता.

पाण्याने या विस्ताराला बळ दिले. १९१३ मध्ये ओवेन्स खोऱ्यातून २३३ मैलांचा कालवा आला. पाणी हवे असेल तर नगरात सामील व्हा, या धोरणाने हद्द फुगत गेली. सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग १९१५ मध्ये जोडला गेला. हॉलिवूड तर पाण्याच्या आशेने १९१० मध्येच आले होते.

मूळ चौक तोवर मोडकळीस आला होता. १९३० मध्ये क्रिस्टीन स्टर्लिंग यांच्या पुढाकाराने त्यालगतची ओल्वेरा गल्ली जुन्या मेक्सिकन बाजाराच्या रूपात सजवून उघडण्यात आली. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याच चौकाला वेढा घालून सरकारी अधिकाऱ्यांनी शेकडो माणसांची कागदपत्रे तपासली. मंदीच्या काळात मेक्सिकनांना सीमेपार धाडण्याच्या मोहिमेतील ही गाजलेली कारवाई. पुढच्याच वर्षी मेक्सिकन चित्रकार दाविद सिकेरोस याला गल्लीतल्या एका भिंतीवर उष्णकटिबंधीय अमेरिकेचे चित्र काढायला सांगण्यात आले. फळाफुलांची अपेक्षा होती. त्याने मध्यभागी क्रूसावर जखडलेला इंडियन काढला, आणि वर गरुड. गल्लीतून दिसणारा भाग लवकरच, आणि काही वर्षांत सारे चित्र, पांढऱ्या रंगाखाली गेले. १९६० च्या दशकाअखेरीस रंग उडून आकृत्या पुन्हा दिसू लागल्या. २०१२ पासून चित्र जतन केलेल्या अवस्थेत लोकांना पाहता येते.