मोहाचे फूल आणि बाजाराचा कायदा

चिंचणी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते १९५५ साली तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. त्यांतील शके ९५६, म्हणजे इ. स. १०३४ चा चामुंडराजाचा पट एका मठिकेस तेलाचा घाणा दान दिल्याचे सांगतो. तेव्हा विक्रीच्या मालावर सत्तेची दृष्टी असणे ही या किनाऱ्यास नवी गोष्ट नव्हे. परंतु मालाचे उत्पन्न कोणाच्या पदरी पडावे हे ठरविणे निराळे, आणि तो माल बाजारात येऊच न देणे निराळे. हा दुसरा प्रकार या भागाने अनुभवला तो इंग्रजी अंमलात, आणि तोही एका फुलापायी.

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली रसाळ फुलांचा सडा पडतो. चिंचणीच्या पूर्वेस, डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्टीत, वारली बायकामुले ती वेचून उन्हात वाळवीत आली आहेत. वाळले फूल गोड असते. ते भाजून वा शिजवून खातात, आणि कणगीतले धान्य सरले म्हणजे त्यावर दिवस काढता येतात. त्याच फुलांची दारूही होते, हे खरे. पण सरकारास दिसली ती एवढीच बाजू.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क परवानेवाल्यांपुरता ठेविला. तरी रानात भट्ट्या लागतच राहिल्या. तेव्हा भट्टीमागे धावण्यापेक्षा फूलच अडवावे, ही युक्ती निघाली आणि १८९२ चा मोहा कायदा झाला. त्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत (आजचा पालघर जिल्हा २०१४ पर्यंत ठाण्यातच होता) या फुलांची विक्री, वाहतूक व साठवण सरकारी बंधनाखाली आणिली. मद्यपानास आळा घालणे हाच त्यामागचा हेतू होता असे कोणी म्हणेल, तर त्याने एवढेच पाहावे की परवान्याची दुकाने त्याच जिल्ह्यांत उघडी होती. आमच्या मते हा कायदा नीतीचा नसून तिजोरीचा होता. फुलांची टोपली डोक्यावर घेऊन मीठमिरचीसाठी बाजारास निघणारी बाई त्यामुळे अबकारी शिपायाच्या दृष्टीने संशयित ठरली. दारूशी तिचा संबंध असो वा नसो.

स्वराज्यातही ही नजर लगेच निवळली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाचे फूल नियंत्रणाखालीच राहिले. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील गावबाजारांची व्यवस्था व गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायतींकडे सोपविण्याचे ठरविले. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज वेचण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली. मोहाच्या फुलांवरील बंधने मात्र सैल झाली ती २०२१ साली, मूळ कायदा होऊन १२९ वर्षे लोटल्यावर.