पेठेची भरभराट व लहान विक्रेता

एखाद्या पेठेंत गर्दी वाढली, तिचें नांव दूरवर झालें, म्हणजे तेथें ओटा मांडून बसणाऱ्या प्रत्येकाचें कल्याण झालें, असें आपण सहज धरून चालतों. ही समजूत पुष्कळ जुनी आहे व ती सर्वस्वीं खोटीही नाहीं. परंतु पेठेचा मालक एक व पेठेंत विकणारा दुसरा अशी स्थिति असते, तेव्हां मालकाच्या वहींतील जमेची बाजू वाढली म्हणून विक्रेत्याच्या वहींतीलही वाढलीच पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. गेल्या तीस वर्षांत इंटरनेटवर ज्या प्रचंड पेठा उभ्या राहिल्या, त्यांच्या इतिहासानें हा प्रश्न आंकड्यांनिशीं आपल्यापुढें मांडला आहे. आज त्या इतिहासाचा, आणि त्यांतही एट्सी ह्या अमेरिकन पेठेच्या इतिहासाचा, थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्याकडे पेठ वसविण्याची एक रीत होती. पेशवाईंत नवी पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकार कौल देई. येऊन राहणाऱ्या व्यापाऱ्यांना कांहीं वर्षें करांची माफी अथवा सूट मिळे, आणि मुदत संपली म्हणजे कर सुरू होत. ओसाड जागीं प्रथम येणारा मनुष्य धोका पत्करतो, त्याचा हा मोबदला. इंटरनेटवरील पेठांचाही आरंभ बहुधा अशाच सवलतीनें होतो. फरक इतकाच, कीं ती सवलत केव्हां संपणार हें त्यांच्या कौलांत लिहिलेलें नसतें.

ह्या पेठांपैकीं अगदीं आरंभींची एक म्हणजे इबे. १९९५ च्या सप्टेंबरांत पिअर ओमिड्यार ह्या तरुण संगणकतज्ज्ञानें कॅलिफोर्नियांत ‘ऑक्शनवेब’ ह्या नांवानें ती सुरू केली. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, आणि त्याचे १४.८३ डॉलर आले. मोडक्या वस्तूलाही जगांत कोठें तरी गिऱ्हाईक असतें व त्याची गांठ घालून देणें हाच एक धंदा होऊं शकतो, हें त्या विक्रीनें दाखविलें. तीनच वर्षांनीं, २४ सप्टेंबर १९९८ रोजीं, कंपनीचे शेअर १८ डॉलरना बाजारांत आले आणि त्याच दिवशीं ४७ डॉलरच्या वर गेले. २००८ सालीं मात्र कंपनीनें आपलें दरपत्रक बदललें. माल मांडण्याचा आकार उतरविला, पण माल विकल्यावर द्यावयाची दलाली चढविली. शिवाय विक्रेत्यानें गिऱ्हाइकाविषयीं प्रतिकूल शेरा लिहूं नये, असाही नियम केला. तेव्हां फेब्रुवारीच्या १८ तारखेपासून आठवडाभर अनेक विक्रेत्यांनीं आपला माल मांडलाच नाहीं. कंपनीनें धोरण बदललें नाहीं. संपाचा हाच प्रयोग चौदा वर्षांनीं दुसऱ्या एका पेठेंत व्हावयाचा होता.

ती पेठ म्हणजे एट्सी. २००५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत रॉब कॅलिन व त्याचे सहकारी ह्यांनीं ती स्थापिली. कारखान्यांतील मालाला तेथें मज्जाव होता. स्वतःच्या हातानें घडविलेल्या वस्तु, निदान वीस वर्षांच्या जुन्या वस्तु व हस्तव्यवसायाला लागणारें साहित्य, एवढेंच तेथें विकतां येई. लोंकरीचें विणकाम, चांदीचे दागिने, मातीचीं भांडीं करणारीं माणसें तेथें जमलीं आणि त्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. पुष्कळ वर्षें तेथील दर असा होता, कीं वस्तु मांडण्यास २० सेंट व विकली गेल्यास किंमतीवर शेंकडा साडेतीन. विक्रेत्यानें शंभर डॉलर कमावले तरच कंपनीला साडेतीन मिळावयाचे. तेव्हां दोघांचें हित एकाच दाव्याला बांधलेलें होतें. २०१२ सालीं समाजहिताची जबाबदारी पाळणाऱ्या कंपन्यांना मिळणारें ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्रही एट्सीनें मिळविलें.

पहिला बदल २०१३ सालीं झाला. विक्रेत्यांनीं मदतनीस नेमावे, मंजुरी घेऊन बाहेरच्या उत्पादकाकडून मालही करवून घ्यावा, अशी मुभा कंपनीनें दिली. ज्यांचा व्याप वाढला होता, रात्र रात्र जागूनही मागणी पुरी होत नव्हती, अशांना ही सोय हवीच होती. पण ज्यांना एकट्यानेंच काम करावयाचें होतें त्यांना मात्र ‘हातानें घडविलेलें’ ह्या शब्दाचा अर्थ सैल झाल्यासारखा वाटला. पुढें, १६ एप्रिल २०१५ रोजीं, एट्सीचे शेअर बाजारांत आले. १६ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशीं ३० डॉलरवर बंद झाला. त्या क्षणापासून पेठेला एक नवा धनी मिळाला. भागधारक हा विणत नाहीं, विकतही नाहीं. दर तिमाहीला उत्पन्न वाढलें कीं नाहीं, एवढेंच तो विचारतो. पुढें शेअरचा भाव उतरला, गुंतवणूकदारांचा दाब वाढला, आणि २०१७ च्या मे महिन्यांत मुख्याधिकारी चॅड डिकरसन ह्यांना जावें लागून त्यांच्या जागीं जॉश सिल्व्हरमन आले. एक पंचमांशाहून अधिक नोकरवर्ग कमी झाला, व त्याच वर्षीं ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्रही कंपनीनें सोडून दिलें.

नव्या व्यवस्थेंत पेठ भराभर वाढली, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु दरही वाढले. २०१८ च्या जुलैपासून साडेतीनचे पांच टक्के झाले व टपालखर्चावरही दलाली बसूं लागली. २०१९ सालीं, जे विक्रेते अमेरिकेंतील गिऱ्हाइकांना टपालखर्च माफ करतील, त्यांचा माल शोधयादींत वर दाखविण्याचें धोरण आलें. म्हणजे जो टपालखर्च सोसणार नाहीं त्याची वस्तु मागें पडणार. २०२० सालीं पेठेबाहेरील जाहिरातींची योजना आली. अशा जाहिरातीवरून गिऱ्हाईक येऊन माल विकला गेला, तर विक्रेत्यानें शेंकडा १५ जादा द्यावयाचे. ज्याची वार्षिक विक्री १० हजार डॉलरच्या वर गेली त्याला हा दर १२; पण त्यानें योजनेंतून बाहेर पडावयाचें नाहीं. अमेरिकेंतील एखाद्या लहान विक्रेत्याची शंभर डॉलरची वस्तु अशा जाहिरातीवरून विकली गेली आणि तिजवर आजची साडेसहा टक्के दलाली, पैसे वसूल करण्याचा आकार व मांडणीचे २० सेंट धरले, तर सुमारे २५ डॉलर पेठेकडे जातात. उरलेल्या ७५ डॉलरांत सूत, वेळ, वीज व मेहनत सारें बसवावयाचें.

२०२० सालींच महामारी आली. दुकानें बंद, माणसें घरांत, आणि कापडी मुखपट्ट्यांना अपार मागणी. एट्सीनें शिवणकाम करणाऱ्यांना आवाहन केलें. त्या एकट्या एप्रिलांत तेथें सुमारे १ कोटी २० लाख मुखपट्ट्या विकल्या गेल्या. ज्या घरांतील मिळकत अकस्मात् थांबली होती, अशा कित्येक घरांची चूल शिवणयंत्रानें व ह्या पेठेनें चालविली. पेठेच्या भरभराटीचा लाभ लहान विक्रेत्याला होतो ह्याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको. त्या वर्षीं पेठेंतील एकूण विक्री ४९७ कोटी डॉलरवरून १,०२८ कोटींवर गेली. कंपनीला सुमारे ३५ कोटी डॉलर निव्वळ नफा झाला. मात्र विक्रेत्यांची संख्याही २७ लाखांवरून सुमारे ४४ लाखांवर गेली. एकूण विक्री त्यांत सारखी वांटली, तर सरासरीनें एकेकाच्या वांट्याला महिन्याला दोनशे डॉलरहून कमी विक्री येते. सरासरी ही फसवी असते. कांहींनीं हजारों कमावले असतील व कांहींची एकही वस्तु विकली गेली नसेल. पण भरल्या ताटाभोंवतीं पंगत किती मोठी बसली आहे, हें त्यावरून कळतें.

आणि मग २०२२ च्या एप्रिलांत, भरभराटीच्या दोन वर्षांनंतर, कंपनीनें पांचाचे साडेसहा टक्के केले. मागील वर्षाचा नफा ४९ कोटी डॉलर होता. दर वाढण्याच्याच दिवशीं, ११ एप्रिलला, हजारों विक्रेत्यांनीं आठवडाभर दुकानें मिटून घेतलीं. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. दरवाढ रद्द करा; कारखान्याचा माल हातचा म्हणून विकणाऱ्यांना आवरा; जाहिरातींच्या योजनेंतून बाहेर पडण्याची मोकळीक द्या. वाढीव पैसा जाहिरातींत व पेठेच्या सुधारणेंत जाईल, असें कंपनीचें सांगणें होतें. दर कायम राहिला. लाखों दुकानांच्या पेठेंत हजारों दुकानें मिटलीं, तरी गिऱ्हाइकाला रस्ता ओस पडलेला दिसत नाहीं. शेजारच्या ओट्यावर तसाच माल मांडलेला असतो.

आतां त्यापुढील आंकडे पाहूं. २०१४ सालीं पेठेंतील एकूण विक्री १९३ कोटी डॉलर व कंपनीचें उत्पन्न १९.५ कोटींच्या घरांत. म्हणजे शंभरांतील दहा डॉलर कंपनीकडे जात. २०२१ सालीं, विकत घेतलेल्या इतर पेठा धरून, विक्री १,३५० कोटी व उत्पन्न २३३ कोटी. म्हणजे शंभरांतील सतरा. २०२४ सालीं विक्री १,२६० कोटींवर उतरली, पण उत्पन्न २८१ कोटींवर चढलें, शंभरांतील बावीस. तीन वर्षांत विक्री ९० कोटींनीं घटली असतां कंपनीची आवक ४८ कोटींनीं वाढली. कंपनीला दिलेला पैसा वजा जातां विक्रेत्यांच्या हातीं २०२१ सालीं १,११७ कोटी राहत होते, ते २०२४ सालीं ९७९ कोटी झाले. आणि ह्यांतूनच कच्चा माल, टपाल व मजुरी भागवावयाची. कंपनीच्या उत्पन्नांत पैसे वसुलीचा आकार व विक्रेत्यांनीं आपण होऊन केलेल्या जाहिरातींचा खर्चही येतो, हें खरें. पण ज्याचा माल जाहिरातीवांचून कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, त्याचें ‘आपण होऊन’ कितपत स्वेच्छेचें, हा प्रश्न उरतोच. विक्री वाढत होती तोंवर कंपनी विक्रेत्याबरोबर वाढली. विक्री थांबली तेव्हां ती विक्रेत्याच्या वांट्यांतून वाढली. ह्या साऱ्या इतिहासाचें सार एवढेंच आहे.

अर्थात् कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. खेड्यांत बसून विणणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या खंडांतील गिऱ्हाईक मिळवून देणें, पैशांची हमी घेणें, शोधयंत्रणा चालविणें, ह्याला खर्च येतो. शहरांतील कलादालनें विक्रीच्या निम्म्याच्या आसपास दलाली घेतात, हेंही ध्यानांत ठेवावें. बावीस हा आंकडा स्वतः पाप नव्हे. पण कलादालनाचा दर पटला नाहीं तर कलावंत आपलीं चित्रें व आपलें नांव घेऊन दुसरीकडे जातो. इंटरनेटवरील विक्रेता माल नेऊं शकतो. त्याची पत तेथेंच राहते. दहा वर्षें सचोटीनें मिळविलेले गिऱ्हाइकांचे शेरे पेठेच्या वहींत असतात, आणि वही पेठेच्या मालकाची.

ह्याचा एक दाखला आपल्या मुंबईंतही घडला. २००० सालीं निघालेली बाझी ही मुंबईची पेठ इबेनें २००४ सालीं सुमारें ५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०१७ सालीं इबेचा भारतांतील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजीं ती पेठ बंद झाली. दुकानदारांचा माल त्यांच्या कपाटांत राहिला; पण तेथें जमविलेली पत त्या दिवसापासून कोणाच्या उपयोगाची राहिली नाहीं. हा निर्णय घेणाऱ्यांत त्यांचा कोणी प्रतिनिधि नव्हता.

तेव्हां पेठेच्या आर्थिक यशाचा लाभ लहान विक्रेत्याला होतो काय, ह्याचें उत्तर असें कीं, होतो. परंतु जोंवर पेठेला नवा विक्रेता हवा असतो, व विक्री वाढविल्यावांचून मालकाचें उत्पन्न वाढत नाहीं, तोंवरच. त्यापुढें लाभ व्हावयाचा तर दर ठरवितांना विक्रेत्यालाही कांहीं शब्द असला पाहिजे. एट्सीच्या संपांतून विक्रेत्यांच्या संघटनेचा प्रयत्न निघाला तो ह्याच जाणिवेनें. आज आपल्या शहरांतील कित्येक सुशिक्षित घरांतून कोणी पिशव्या शिवतें, कोणी दागिने घडवितें, कोणी दिवाळीचे आकाशकंदील करून अशा पेठांवर मांडतें. त्यांनीं पेठेच्या शेअरचा भाव पाहून हुरळून जाऊं नये व दलालीच्या नांवानें बिचकूंही नये. शंभर रुपयांच्या विक्रींतील किती आपल्या हातीं राहिले हें दर महिन्याला लिहून ठेवावें. आपल्या गिऱ्हाइकांची नांवें, त्यांच्या संमतीनें, आपल्याही वहींत असावीं. आणि आजची सवलत कोठवर, हें पेठेला आधींच विचारावें. जुन्या कौलांत मुदत लिहिलेली असे. नव्या कौलांतही ती लिहवून घेतां येईल, पण ती मागणारे एकटे असून चालणार नाहीं.