जुन्नर परिसर आणि महाविद्यालयीन भौतिकशास्त्राचे अध्यापन

मराठी मुलखात महाविद्यालयीन पातळीवर भौतिकशास्त्र शिकवण्याची सुरुवात १८३० च्या दशकात मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाली. त्या काळी विषयाचे नाव ‘नॅचरल फिलॉसॉफी’ होते आणि खगोल, यंत्रशास्त्र असे सारे त्यात येई. हा विषय शिकवणारे प्राध्यापक ऑर्लेबार कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम पाहत. बाळशास्त्री जांभेकर या संस्थेत साहाय्यक प्राध्यापक होते आणि वेधशाळेशीही त्यांचा संबंध होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तर तरुणपणी याच वेधशाळेत चुंबकीय व हवामानविषयक नोंदी घेण्याची नोकरी केली. पुढे ते पुण्यात प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक त्यांचे विद्यार्थी होते. वर्गात उभे राहण्याआधी ज्यांनी वर्षानुवर्षे उपकरणासमोर बसून आकडे टिपले होते, अशा माणसांनी हा विषय इथे रुजवला. मराठी शिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि चित्र बदलले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्याचे काम होते, आणि शिकवण्याची जबाबदारी संलग्न महाविद्यालयांवर होती. त्यामुळे कोणत्याही महाविद्यालयात काय शिकवले जाईल हे अखेर प्रश्नपत्रिकेने ठरू लागले. प्राध्यापक टेबलावर हवेचा पंप किंवा विद्युतघट मांडून एखादा प्रयोग करून दाखवी, विद्यार्थी तो बाकावरून पाहत आणि परीक्षेत त्याचे वर्णन लिहीत. दादाभाई नौरोजी १८५० च्या दशकात एल्फिन्स्टनमध्ये गणित व नॅचरल फिलॉसॉफीचे प्राध्यापक झाले. अशा पदावर भारतीय माणूस बसणे ही तेव्हा मोठी घटना होती. पण शिकवण्याची रीत व्याख्यानाचीच राहिली.

विद्यार्थ्याने स्वतः मोजमाप करायचे हा नियम विज्ञानाची स्वतंत्र पदवी आल्यानंतर हळूहळू बसला. पुण्यात फर्ग्युसन (१८८५), सर परशुरामभाऊ (१९१६) आणि नौरोसजी वाडिया (१९३२) या महाविद्यालयांनी, तर मुंबईत १९२० मध्ये सुरू झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने प्रयोगशाळा उभारल्या. आज महाराष्ट्रातला कोणताही बीएस्सी झालेला माणूस जे ‘प्रॅक्टिकल’ ओळखतो त्याचा साचा याच काळात पडला. केटरचा लंबक, सर्लच्या पद्धतीने यंगचा गुणांक, न्यूटनची वलये, मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटर, स्पेक्ट्रोमीटरवर जाळीने तरंगलांबी काढणे हे त्यातले ठरलेले प्रयोग. उद्देश, उपकरणे, सूत्र, निरीक्षण तक्ता, गणन आणि निष्कर्ष या क्रमाने जर्नल लिहायचे, त्यावर सही घ्यायची, वर्षाअखेरीस बाहेरच्या परीक्षकासमोर चिठ्ठीत निघेल तो प्रयोग करायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची.

या साच्याने केलेले काम मोठे आहे. लीस्ट काउंट म्हणजे काय, शून्यत्रुटी कशी वजा करायची, एका वाचनावर विश्वास का ठेवायचा नाही, हे हजारो मुले व्हर्नियर आणि स्क्रूगेज हातात घेऊनच शिकली. पण त्याच साच्यात एक दोषही वाढला. प्रत्येक प्रयोगाचे उत्तर आधीच माहीत असे. गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास आले पाहिजे, हे ठाऊक असल्यावर दोलनांचा वेळ उत्तराकडून मागे येत भरण्याची सवय लागली. ९५० आले तर का आले, हा भौतिकशास्त्राचा खरा प्रश्न असतो. दोरीची लांबी कुठून कुठपर्यंत मोजली, दोलनाचा कोन किती मोठा होता, घड्याळ दाबायला किती उशीर झाला? जर्नलमध्ये त्या प्रश्नाला जागाच नव्हती. अनेक पिढ्यांचे नुकसान या एका गोष्टीने केले आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. तेव्हाही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मुलाला विज्ञानाच्या पदवीसाठी शहरात जाऊन राहण्यावाचून मार्ग नव्हता. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावातून फार थोड्यांना ते परवडे. पुढच्या दशकांत रयत शिक्षण संस्था, पुणे जिल्हा शिक्षण मंडळ आणि स्थानिक शिक्षण संस्थांनी तालुक्याच्या गावी महाविद्यालये काढली. जुन्नरचे श्री शिवछत्रपती, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे, मंचरचे अण्णासाहेब आवटे ही या भागातली त्यांपैकी ठळक नावे. शेतकरी घरातली मुले-मुली एसटीने येऊन भौतिकशास्त्र शिकू लागली. पण अभ्यासक्रम, पुस्तके आणि प्रयोगांची यादी सारे शहरातलेच होते. वर्गात एक मिश्र भाषा तयार झाली. सूत्र, व्याख्या आणि परीक्षेतले उत्तर इंग्रजीत, तर समजावणे मराठीत. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी पातळीची मराठी पाठ्यपुस्तके काढली, तरी बीएस्सीची परीक्षा बहुतांशी इंग्रजीतच राहिल्याने ती पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर फारशी आली नाहीत. १९७५ पासून दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी ही रचना आली. जुने इंटर सायन्सचे वर्ष त्यात विरले आणि अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र प्रवेशपरीक्षांच्या ताब्यात गेले. १९७० च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विज्ञान सुधारणेची योजना आणली. तिच्यातून काही ठिकाणी उपकरणे आली, शिक्षकांची शिबिरे झाली, पण परीक्षेचे स्वरूप बदलले नाही.

जगात याच काळात विषय शिकवण्याच्या रीतीचीच तपासणी चालू झाली होती. १९६० च्या दशकात बर्कलीचा अभ्यासक्रम, रेस्निक-हॅलिडे यांचे पाठ्यपुस्तक आणि फाइनमन यांची व्याख्याने आली. मांडणी सुधारली, तरी शिकणाऱ्याच्या डोक्यात नेमके काय उतरते हे कोणी मोजले नव्हते. ते काम १९८० नंतर झाले. हेस्टिनीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल या संकल्पनेवरची एक साधी, आकडेमोड नसलेली चाचणी प्रसिद्ध केली. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्यावर वरच्या दिशेने बल असते का, अशा धर्तीचे तिचे प्रश्न होते. कठीण गणिते सोडवणारे विद्यार्थीही अशा प्रश्नांत चुकतात, हे अनेक विद्यापीठांत दिसून आले. हार्वर्डमध्ये एरिक मॅझुर यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे आणि मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे, ही पद्धत रूढ केली. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांवरून दाखवले की, विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावणारे वर्ग निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांपेक्षा पुष्कळ पुढे जातात. महाराष्ट्रात १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हा विचार आणला. २००४ पासून त्याच्या राष्ट्रीय उपक्रमातून पदवीच्या विद्यार्थ्यांना छोटे संशोधन-प्रकल्प मिळू लागले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघाने शिक्षकांना एकत्र आणले.

जुन्नर तालुक्यात मात्र बदल दुसऱ्याच वाटेने आला. १९९० च्या दशकात बोरी बुद्रुकच्या परिसरातच, खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिच्यात आहेत. त्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारातल्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, शेताशेतांतून उभ्या आहेत. रेडिओ गोंगाट कमी, डोंगरांचा आडोसा आणि पुणे जवळ, या कारणांनी जागा निवडली गेली.

भौतिकशास्त्र शिकवण्याच्या दृष्टीने ही दुर्बीण म्हणजे उघड्यावर मांडलेले पाठ्यपुस्तक आहे. तिच्या अँटेना भरीव पत्र्याच्या नाहीत, दोरांनी ताणलेल्या पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. असे का चालते? तरंगलांबी वीस सेंटिमीटरच्या वर असेल तर एखाद-दोन सेंटिमीटरचे भोक तिला जाणवत नाही. जाळी हलकी, वाऱ्याचा दाब कमी, म्हणून खर्चही कमी. दुसरा धडा विभेदनाचा. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर एकट्या ४५ मीटरच्या अँटेनाला आकाशात जेमतेम चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका बारकावा दिसतो. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या २५ किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून एकत्र जोडल्या की तोच बारकावा दोन विकलांच्या आसपास जातो. हे गणित बीएस्सीच्या मुलाला येणाऱ्या व्यतिकरणाच्या सूत्रानेच सुटते. यंगच्या दोन फटींचा प्रयोग इथे कुकडीच्या खोऱ्याएवढा झालेला आहे.

दुर्बीण चालवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने अध्यापनाशी नाते जोडले. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. जुन्नर-आंबेगावसह दूरदूरच्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपली उपकरणे मांडतात आणि गावकरी दुर्बीण पाहायला येतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि हे केंद्र यांनी मिळून रेडिओ भौतिकी प्रयोगशाळा चालवली आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हिवाळी वर्ग घेतले. घरावरच्या टीव्हीच्या छत्रीपासून बनवलेल्या लहान रेडिओ दुर्बिणीने सूर्याचा संकेत पकडणे हा त्यातला प्रयोग कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाच्या गच्चीवर जमण्यासारखा आहे. १५० मेगाहर्ट्झवर जीएमआरटीने केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा खुल्या झाल्या, आणि २०१३ पासून ‘रॅड अॅट होम’ या उपक्रमात देशभरचे पदवीधर व पदवीचे विद्यार्थी त्या पाहून दीर्घिका शोधायला शिकले. इथे उत्तर आधी माहीत नसते. जर्नलच्या साच्याने गमावलेले मोल अशा कामात परत मिळते.

बोरी बुद्रुकच्या नदीकाठाकडे मात्र भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्याशी निगडित अश्युलियन, म्हणजे पुराश्मयुगीन, दगडी हत्यारे सापडली, आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती जगापुढे आणली. राखेचे वय काढायला किरणोत्साराचा आधार घेतला गेला. पोटॅशियम-४० या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे, आणि त्याच्या ऱ्हासातून तयार होणारा आरगॉन खडकात साठतो. त्या मापनातून सुमारे १४ लाख वर्षे असे वय आले. इतर संशोधकांनी राखेच्या रासायनिक ओळखीवरून ती सुमात्रातल्या तोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची ठरवली. मधली वयेही पुढे आली आणि वाद बराच चालला. अर्धायुकालाचे सूत्र फळ्यावर लिहून पुढे जाणाऱ्या वर्गाला हा वाद समजून घेता आला तर कितीतरी शिकता येईल. थरात जुन्या खडकाचे कण मिसळले असतील तर वय फुगते, नदीने राख उचलून दुसरीकडे टाकली असेल तर थराचे आणि हत्यारांचे वय एक राहत नाही. सूत्र बरोबर असूनही उत्तर कुठे चुकू शकते, हे इथे प्रत्यक्ष काठावर उभे राहून दाखवता येते.

गोविंद स्वरूप आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. ग. भिडे यांनी बारावीनंतर पाच वर्षांच्या एकात्म विज्ञान शिक्षणाची कल्पना मांडली होती, ज्यात शिकणे आणि संशोधन एकाच छताखाली चालेल. २००६ मध्ये पुणे आणि कोलकाता येथे सुरू झालेल्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांमागे अशा प्रस्तावांचा वाटा आहे. पण या संस्थांत जागा थोड्या. बहुसंख्य विद्यार्थी अजून संलग्न महाविद्यालयांतच शिकतात आणि तिथल्या प्रयोगांच्या यादीत केटरचा लंबक व न्यूटनची वलये आहेतच. तो पाया मोडू नये. त्याच्या शेजारी उत्तर माहीत नसलेले एक तरी मोजमाप हवे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली असून, चौथ्या वर्षाला संशोधन-प्रकल्पाची सोय आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी त्या प्रकल्पांसाठी विषय दूर शोधू नयेत. गच्चीवरची टीव्हीची छत्री, खोडदच्या खुल्या नोंदी आणि बोरीचा राखेचा थर यांपासून सुरुवात करावी.