सभेची रीत : बऱ्हाणपूरचा एक दाखला

‘सभ्य’ हा शब्द ‘सभा’ या शब्दापासून सिद्ध झाला आहे. सभेत बसावयास जो योग्य तो सभ्य, असा त्याचा मूळ अर्थ. आज ग्रामसभा असो, सहकारी संस्थेची वार्षिक सभा असो, वा देवस्थानाच्या महाजनांची बैठक असो, सभा उरली पण सभ्यता ओसरली, असा खेद जाणती मंडळी व्यक्त करताना आढळतात. एकाचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच दुसरा उठतो. मुद्द्याचे उत्तर मुद्द्याने न देता घराण्याचा उद्धार होतो. अशा वेळी सभेतील सौजन्य म्हणजे नेमके काय, याचा विचार करण्यास तापीकाठच्या बऱ्हाणपूरचा इतिहास उपयोगी पडेल.

इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी सुलतान नासिरखान याने हे नगर वसविले आणि त्यास शेख बुऱ्हानुद्दीन यांचे नाव दिले. सुरतेहून आग्र्यास जाणाऱ्या मार्गावरील ही मोठी पेठ. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा अनेक भाषा येथे नांदत आल्या. राजा अलीखान फारुकी याने बांधविलेल्या येथील जामा मशिदीत अरबी लेखासोबत एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात राजवंशाची माहिती असून काळ संवत १६४६, शके १५११ असा दिला आहे. राजसत्ता हाती असताना प्रजेच्या विद्वन्मान्य भाषेत व तिच्या कालगणनेप्रमाणे बोलावे, हे सौजन्यच होय.

सन १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. पुढे जहांगीराचा पुत्र शाहजादा परवेझ याचा दरबार बऱ्हाणपुरात भरू लागला. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तेथे येऊन पोहोचला. उतरावयास मिळालेल्या भट्टीसारख्या कोंदट खोल्या पाहून तो आधीच नाराज झाला होता. दरबारात शिरताच एका अधिकाऱ्याने त्यास टोपी काढून मस्तक भूमीस टेकविण्याची सूचना केली. आपण सन्मानाने भेटीस आलो आहोत, सेवकांची रीत आपणास लागू नाही, असे रोने उत्तर दिले.

प्रसंग बिघडण्यास एवढे पुरेसे होते. परंतु रो पुढे गेला, आपल्या पद्धतीने लवला. आणि शाहजाद्यानेही अंग लववून त्याचा स्वीकार केला. रोने बसावयास खुर्ची मागितली. त्या स्थानी कोणीच बसत नाही, असे त्यास सांगण्यात आले. मात्र रुप्याने मढविलेल्या खांबास टेकून उभे राहण्याची मोकळीक मिळाली. दरबारची रीत मोडली नाही, आणि पाहुण्याचा मानही गेला नाही. इंग्रजांची वखार बऱ्हाणपुरात राहू देण्याची विनंती त्याच भेटीत मान्य झाली. नंतर खासगी भेट व्हावयाची होती. पण रोनेच नजर केलेल्या मद्याने शाहजादा धुंद झाला, तेव्हाही क्षमायाचनेचा निरोप पाठविण्यास दरबार विसरला नाही.

हाच तापीचा प्रवाह पुढे सुरतेस जातो. त्या सुरतेत डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून वाद पेटला. लोकमान्य टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर आले असता गोंधळ माजला. कोणीतरी भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला, खुर्च्या व काठ्या चालल्या आणि अधिवेशन उधळले. दोन्ही पक्षांत देशभक्तांची वाण नव्हती; मुद्देही क्षुल्लक नव्हते. तथापि दुसऱ्याचे ऐकण्याची रीत तुटली, आणि दुभंगलेली राष्ट्रीय सभा पुन्हा एकत्र येण्यास १९१६ चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले.

तेव्हा पूर्वीचे सारे सौजन्यशील होते आणि आजचे सारे उद्धट आहेत, असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. दरबारची अदब बहुतांशी दर्जाची व भीतीची होती. बऱ्हाणपूरच्या ज्या विणकरांनी नगरास नावलौकिक दिला, त्यांना त्या चांदीच्या खांबाशी बोलण्याची सोय नव्हती. आज प्रत्येकास बोलण्याचा अधिकार मिळाला, ही मोठीच प्राप्ती होय. पण भीती गेल्यावर तिची जागा परस्परांच्या आदराने घ्यावयास हवी होती. ती जागा पुष्कळ ठिकाणी रिकामीच राहिली आहे.

याची झळ सर्वांत प्रथम लागते ती मृदू स्वभावाच्या माणसास. ज्यास हिशेब कळतो, ज्यास जुने व्यवहार ठाऊक असतात, तो अपमानाच्या धास्तीने सभेस येणेच सोडतो. मग निर्णय विचाराने न होता आवाजाने होतात, आणि देवकार्यातही तट पडतात. नियमावली गणसंख्या ठरवू शकते, जिभेस लगाम घालू शकत नाही.

बऱ्हाणपूरच्या त्या भेटीत मस्तक न टेकविणारा आणि खुर्ची न देणारा, दोघेही आपापल्या जागी ठाम होते. तरीही दोघांनी एकमेकांस वंदन केले आणि काम पुरे झाले. मतभेद असावा, तो स्पष्ट बोलून दाखवावा; मात्र प्रतिपक्षास टेकावयास एक खांब मोकळा ठेवावा. देवाच्या दारी जमणाऱ्या सभेने एवढी रीत जरी सांभाळली, तरी ‘सभ्य’ या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा जिवंत होईल.