भरल्या संकुलातील एकाकीपण

निवृत्तीनंतर नाशिकला स्थायिक व्हावे, हा बेत मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत वर्षानुवर्षे होत आला आहे. कोरडी हवा, गोदावरीचा काठ, मुंबईच्या मानाने मोकळी जागा आणि सकाळी निघून रात्री परतता येईल एवढेच अंतर, ही त्याची कारणे. देवळालीला तर हवापालटासाठी निरनिराळ्या समाजांनी बांधलेल्या सॅनेटोरियमची जुनी परंपरा आहे. नाशिकचे स्वतःचे निवृत्तही थोडे नाहीत. नाशिकरोडची सरकारी मुद्रणालये, ओझरचा विमान कारखाना, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती यांत ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांची मुले शिकली आणि त्यांपैकी अनेक पुणे, बंगळुरू किंवा परदेशी गेली. चार खोल्यांच्या बंगल्यात दोनच माणसे उरली. काही वर्षांनी एकच. अशा वेळी ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलाचा विचार पुढे येतो.

वृद्धाश्रम आणि असे संकुल यांत फरक आहे. वृद्धाश्रमाची कल्पना निराधारांच्या आश्रयातून आली. संकुलात मात्र आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी ज्येष्ठ स्वतःच्या इच्छेने घर विकत वा भाड्याने घेतात. महाराष्ट्रात ही कल्पना पुण्यातील 'अथश्री'सारख्या प्रकल्पांमुळे परिचित झाली. सामाईक भोजनगृह, डॉक्टरांची फेरी, खोलीत संकटसमयी दाबायची घंटा, चोवीस तास पहारा आणि शेजारी समवयस्क मंडळी, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. सुरक्षितता आणि सोबत या दोन्हींची सोय झाली, असे घरच्यांना वाटते. तरीही अशा भरल्या संकुलात एकाकीपण का आढळते, हा प्रश्न उरतोच.

एकटे असणे आणि एकाकी असणे

एकटे राहणे ही परिस्थिती आहे. एकाकी वाटणे ही भावना आहे. एकटा राहणारा मनुष्य समाधानी असू शकतो आणि पंगतीत बसलेला मनुष्य एकाकी असू शकतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार मांडले. पहिला सामाजिक, म्हणजे ओळखीच्या माणसांचे वर्तुळ नसण्याचा. दुसरा भावनिक, म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असे जिव्हाळ्याचे माणूस नसण्याचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. चाळीस वर्षांच्या जोडीदाराच्या वियोगानंतर योगवर्ग आणि सहली मिळाल्या, तर पहिला प्रकार कमी होतो, दुसरा राहतोच.

मराठी रंगभूमीने हे दुःख फार आधी ओळखले. नाशिककर कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगमंचावर आले. त्यातील गणपतराव बेलवलकर सर्वस्व मुलांना देऊन टाकतात आणि त्यांच्याच घरात परके होतात. त्याच दशकातील जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मध्ये मुलांच्या दूर जाण्याने आईवडिलांचे घर ओस पडते. आजच्या संकुलातील ज्येष्ठाला बहुधा कोणी घराबाहेर काढलेले नसते आणि आसपास माणसांचीही वाण नसते. त्यामुळे आपल्याला काही कमी आहे, हे सांगण्याचीच त्याला चोरी होते. "सर्व ठीक आहे" हे दूरध्वनीवरील ठरलेले उत्तर मुलेही खरे मानतात.

कारणे

पहिले कारण जुन्या ओळखी तुटण्याचे. पंचवटीच्या वाड्यात किंवा सिडकोच्या गल्लीत राहणाऱ्याला भाजीवाली, किराणा दुकानदार, मंदिरातील भजनी मंडळ, ग्रंथालयातील कर्मचारी नावाने ओळखत असतात. नव्या ठिकाणी तो केवळ सदनिकेच्या क्रमांकाने ओळखला जातो. संकुल शहराबाहेर असेल, तर सभा-संमेलनांना जाणेही दुसऱ्याच्या वाहनावर अवलंबून राहते.

दुसरे कारण समवयस्कांच्याच वस्तीचे. तेथे मैत्री जुळते, पण आजारपणे आणि मृत्यूही वारंवार पाहावे लागतात. जेवणाच्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी झाली की नवी ओळख करण्याची उमेद कमी होते. मुलांचा गोंगाट, परीक्षा, लग्ने यांनी घराला जी गती असते, ती तेथे नसते.

तिसरे कारण शारीरिक आहे. ऐकू कमी येऊ लागले की मनुष्य संभाषण टाळतो; गुडघे दुखू लागले की फिरणे थांबते. हे वयोमानाचे आहे असे समजून उपचार राहून जातात.

चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे काम संपणे. स्वयंपाक, बाजारहाट, वीजबिल, झाडांना पाणी हे सारे दुसऱ्याकडे गेले की कष्ट वाचतात. परंतु आपल्यावाचून कोणाचे अडत नाही, ही जाणीवही त्याबरोबर येते.

या संदर्भात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा १९७६ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे. एका शुश्रूषागृहातील एका मजल्यावरील वृद्धांना आपले निर्णय आपण घ्यावेत असे सांगण्यात आले आणि स्वतः निवडलेले एक रोप सांभाळायला देण्यात आले. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली गेली, पण त्यांची निगा परिचारिकांनी राखली. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील मंडळी अधिक उत्साही आणि मिळूनमिसळून वागणारी आढळली. प्रयोगातील संख्या लहान होती, म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. तरी सेवा आणि जबाबदारी यांतील फरक तो नेमका दाखवतो.

आरोग्य आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एक व्यक्ती एकाकीपणा अनुभवते. हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि बुद्धीचा ऱ्हास यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमला. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख होत्या आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती.

ज्येष्ठांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. उपेक्षित आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांत चाकाच्या खुर्चीसाठी रुंद दारे, उतरण, आधाराचे कठडे, उद्वाहन यांचे निकष आहेत. हे आवश्यकच होते. परंतु दाराची रुंदी मोजता येते. त्या दारातून किती माणसे आपुलकीने आत येतात, हे नियमात बसवता येत नाही.

काय करता येईल?

घर घेण्यापूर्वी संकुलात काही दिवस राहून पाहावे. शहर बस जवळ थांबते का, रहिवाशांच्या समितीला खरे अधिकार आहेत का, नातवंडांना सुटीत राहता येते का, जोडीदाराच्या पश्चात घराचे व शुल्काचे काय होईल, हे विचारून घ्यावे. जुन्या वस्तीशी संबंध तोडू नयेत. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला, गोल्फ क्लब मैदानावरील सकाळचे फिरणारे, वसाहतींतील ज्येष्ठ नागरिक संघ, हे सारे नाशिककराच्या हाताशी आहे. संकुलाच्या चालकांनीही रहिवाशांना केवळ ग्राहक न मानता बाग, ग्रंथालय, हिशेब, जवळच्या शाळेतील मुलांचा अभ्यास अशी कामे त्यांच्याकडे सोपवावीत.

मन फारच खचले, झोप वा भूक गेली, तर तो स्वभाव न मानता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. दूरच्या मुलांनी प्रकृतीच्या चौकशीबरोबर एखादा सल्लाही विचारावा. लोणच्याचे प्रमाण असो, घराचे कागदपत्र असोत किंवा नातवाचे नाव ठेवणे असो, विचारणाऱ्याला त्या उत्तराची खरोखर गरज आहे, हे पलीकडच्या माणसाला कळते. औषधाची वेळ आठवण करून देणारे पुष्कळ असतात. आपल्याकडे काही मागणारे फार थोडे उरलेले असतात.