कोटितीर्थाचे पाणी कोणत्या रंगाचे?

वर्गात मुलांना नदीचे चित्र काढायला सांगावे, तर पाणी निळे, झाड हिरवे आणि सावली काळी हे ठरलेलेच. ही सवय चित्रकारांनी कशी मोडली ते आपण पाहू.

१८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधील काही चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने यांचे धुक्यातल्या बंदराचे चित्र होते. त्याच्या शीर्षकातील ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून एका टीकाकाराने सगळ्या गटाचीच थट्टा केली. तेच नाव पुढे रूढ झाले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. हे चित्रकार रंग पूर्णपणे न मिसळता लहान फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवत. दुरून पाहताना डोळाच ते एकत्र करतो. १८४१ मध्ये कथलाच्या नळीचे पेटंट घेतले गेले आणि तैलरंग घेऊन उघड्यावर बसणेही सोपे झाले.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे काम कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी केले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी काटेकोर वास्तवदर्शी शिक्षण घेतले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहून त्यांनी तेच पाणी, तीच झाडे वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवली. १९३१ मध्ये ते वारले.

तळे तेच, मग चित्राचा भाव का बदलतो? धुक्याचे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून कडा पुसट होतात आणि दृश्य शांत वाटते. सायंकाळी सूर्यकिरण हवेतून अधिक अंतर कापतात. निळा प्रकाश वाटेत विखुरतो आणि तांबूस उरतो. उन्हातल्या सावलीवर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून ती काळी नसून निळसर असते. पाण्याकडे तिरपे पाहिले तर आकाशाचे प्रतिबिंब दिसते, सरळ खाली पाहिले तर गढूळपणा.

नांदेडच्या शिक्षकांनी मुलांना गोदावरीच्या घाटावर, लातूरकडच्यांनी मांजरेच्या काठी न्यावे. एकाच जागेवरून सकाळी, दुपारी व सायंकाळी अर्ध्या तासात एकेक चित्र काढू द्यावे. सूर्याकडे थेट पाहू देऊ नये. अट एकच: पेटीतला काळा रंग घरी ठेवायचा. मग तिन्ही चित्रे शेजारी लावून विचारावे, पाणी कोणत्या रंगाचे?